गाणे येते, पण मागणे येत नाही

पुण्याच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची आहे. मोबाइलवर ऐकून ऐकून तिला सात-आठ गाणी पाठ झाली आहेत, त्यांतली तीन इंग्रजी आहेत, आणि ती सगळी ती चालीसकट, ओळींचा क्रम न चुकता म्हणते. पाणी हवे असले की मात्र आईचे बोट धरून तिला माठापाशी ओढत नेते. 'पाणी' हा शब्द काही तोंडातून काढत नाही. आजीचे म्हणणे असे की, तिचा बाबाही उशिराच बोलायला लागला होता. आई विचारते की, गाण्यांनी मुलांची भाषा सुधारते असे जो तो सांगतो, मग हिच्या बाबतीत ते का घडत नाही, आणि आता गाणी वाढवावीत की बंद करावीत?

मी गेली सव्वीस वर्षे लहान मुलांच्या वाचा-उपचाराचे काम करते, आणि तपशील बदलून हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो. गाण्याने भाषेला मदत होते हे खरे आहे. पण ती नुसत्या कानावर पडणाऱ्या गाण्याने फारशी होत नाही, तर समोरच्या माणसाने मुलाकडे बघत म्हटलेल्या, मध्येच थांबलेल्या आणि पुढचा शब्द टाकायला मुलासाठी जागा ठेवलेल्या गाण्याने होते. मोबाइलवरचे गाणे सुरेल असते, रंगीत असते, पण ते कोणासाठी थांबत नाही.

या जागेविषयी सविस्तर सांगण्यापूर्वी एक काम उरकायला हवे, ते म्हणजे ऐकण्याची तपासणी. 'ती गाणी म्हणते, म्हणजे तिला ऐकू येतेच' हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा ठरू शकतो. गाण्याची चाल आणि स्वर हे मुख्यतः खालच्या व मधल्या कंप्रतेच्या (पट्टीच्या) आवाजात असतात, तर 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने वरच्या कंप्रतेची आणि क्षीण असतात. त्यामुळे थोडे कमी ऐकू येणारे मूलसुद्धा चाल अगदी बरोबर उचलते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा यायचा, तो सगळी बडबडगीते सुरात म्हणायचा, पण शब्दांचे नुसते स्वर उरायचे. 'पावसा'चे 'आवआ' व्हायचे. मी त्याला 'गाणारे मूल' म्हणून दोन महिने कौतुकाने शिकवत राहिले आणि मग कुठे कानाच्या तपासणीला पाठवले. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेले निघाले. ते दोन महिने माझ्या चुकीमुळे वाया गेले, आणि तेव्हापासून कानाचा अहवाल पाहिल्याशिवाय मी गाण्याला हात घालत नाही.

तुमच्या मुलीच्या टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का, हे बघणारी) आणि ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का, हे बघणारी) या दोन तपासण्या करून घ्या. गरज वाटल्यास तज्ज्ञ बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करायला सांगतील, जी मूल झोपलेले असताना करतात. यांपैकी एकही दुखत नाही. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करता येते, आणि मुंबईच्या बाजूला असलेल्यांना वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहेच. त्याच वेळी बालविकास तज्ज्ञांनाही एकदा दाखवावे, असे मी स्पष्टच सुचवते. दोन वर्षे पूर्ण होता होता मुले 'आई ये', 'दूध नको' असे दोन शब्द जोडू लागतात. त्याशिवाय हाक मारल्यावर ती वळून बघते का, आकाशातले विमान बोटाने दाखवून 'तूही बघ' अशा नजरेने तुमच्याकडे पाहते का, हेही तज्ज्ञ विचारतील. पाठ गाणी म्हणणारे पण मागण्यासाठी हात ओढणारे मूल कधी केवळ उशिरा बोलणारे असते, तर कधी त्यामागे आणखी काही असते, आणि घरबसल्या ते ठरवता येत नाही. बाबा उशिरा बोलले हे खरे असेल. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे बरोबरीने चालतातही. पण त्यांत आपले मूल आहे की नाही हे आधी कळत नसल्यामुळे वाट पाहण्यात वेळ जाऊ शकतो, तपासण्यात काही जात नाही.

आता गाण्याकडे येऊ. मुलाला चाल आधी येते आणि शब्द मागून येतात, यामागे शरीराचेच कारण आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा कान काम करू लागलेला असतो, पण आईच्या पोटाच्या भिंतीतून आणि पाण्यातून येताना आवाजातला वरचा भाग गळून जातो. शेजारच्या घरातले भांडण भिंतीपलीकडून ऐकू यावे तसे ते असते: शब्द कळत नाहीत, पण कोण चढ्या आवाजात आहे आणि कोण समजूत घालतो आहे हे कळते. म्हणजे जन्माला येण्यापूर्वी बाळ आईच्या भाषेची लय ऐकून आलेले असते. जर्मनीतील व्युर्त्सबुर्गच्या संशोधकांनी २००९ साली तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचे रडणे तपासले, तेव्हा फ्रेंच बाळांच्या रडण्यात सूर चढत जाण्याकडे आणि जर्मन बाळांच्या रडण्यात उतरत जाण्याकडे कल दिसला. त्या त्या भाषेच्या बोलण्यातही चढ-उतार साधारण तसेच असतात. अंगाईला शब्द समजण्याची गरज नसते, हे आपल्या आज्यांना प्रयोगाशिवायच ठाऊक होते.

पुढचे काम अवघड असते. बोलणे हे शब्दांच्या मधे जागा सोडून छापलेल्या ओळीसारखे नसते. ते सलग वाहते, आणि त्यातून शब्द वेगळे काढणे बाळालाच करावे लागते. १९९६ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटे ऐकवली. कोणते अक्षर कोणत्या अक्षरामागे हमखास येते एवढ्याच आधारावर बाळांना त्यातले 'शब्द' ओळखता आले. बडबडगीत हे काम सोपे करते, कारण त्यात ताल शब्दाच्या सुरुवातीवर पडतो, ओळ छोटी असते आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो.

पण याच वयात दुसरेही काही चाललेले असते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांतला फरक ऐकवला होता. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता आला. दहा-बारा महिन्यांच्या मात्र मोजक्याच बाळांना तो कळत होता. जो फरक घरातल्या भाषेत लागत नाही, तो कान सोडून देतो. आणि परक्या भाषेतले असे फरक कानाने टिकवावेत म्हणून काय करावे लागते, याचे उत्तर २००३ साली सिएटलमधल्या प्रयोगातून मिळाले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा बैठकांत समोर बसून खेळली व बोलली, तेव्हा बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तीच माणसे, तेच बोलणे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून किंवा नुसते ध्वनिमुद्रणातून ऐकवलेल्या बाळांना काहीच शिकता आले नाही. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या प्रयोगात आहे. दोन वर्षांचे मूल नऊ महिन्यांच्या बाळापेक्षा पडद्यावरून जास्त उचलते, गाणी तर उचलतेच. पण पाठ होणे आणि वापरता येणे यांच्यामधले अंतर पडदा ओलांडून देत नाही.

मराठी बडबडगीतांत किती भाषा भरलेली आहे हे आपल्याला सवयीमुळे दिसत नाही, म्हणून एकच, सगळ्यांना येणारे गाणे घेऊ. 'ये रे ये रे पावसा' म्हणताना पाऊस आणि पैसा दोन्ही पुल्लिंगी असतात, म्हणून 'ये रे', 'झाला खोटा', 'आला मोठा'. पुढे 'ये गं ये गं सरी' आले की संबोधन बदलते आणि सर 'धावून येते' तेव्हा ती 'आली' असते. आणि शेवटी 'माझे मडके', जे वाहून 'गेले'. म्हणजे आठ ओळींत मराठीची तिन्ही लिंगे, 'रे' आणि 'गं' ही संबोधने आणि क्रियापदाची रूपे येऊन जातात. शाळेत व्याकरणाच्या तासाला जे तक्ते पाठ करावे लागतात, ते तीन वर्षांचे मूल पावसात हात पसरून म्हणत असते. ध्वनींचेही तसेच आहे. 'खोटा' आणि 'मोठा' यांचे यमक कानाला जुळते, पण 'ट' आणि 'ठ' सारखे नाहीत. बरीच मुले सुरुवातीला 'मोटा' म्हणतात आणि मोठ्या माणसाच्या तोंडून तीच ओळ शंभर वेळा ऐकल्यावर केव्हातरी त्या 'ठ'मधला श्वास त्यांना सापडतो. मोराला 'चारा' घालतानाचा 'च' आणि 'चार' लाडू मोजतानाचा 'च' लिहायला एकच असला तरी म्हणायला वेगळा आहे. हा फरक लिपी दाखवत नाही, तो कानानेच शिकावा लागतो.

माझ्याकडे येणारी तीन वर्षांची एक मुलगी या गाण्यात नेहमी 'तुला देतो पैसा' असेच म्हणायची, कारण गाणे तसेच आहे. एके दिवशी ती 'तुला देते पैसा' म्हणाली. आईने लगेच दुरुस्त केले, "देतो म्हण, देतो." मी आईला थांबवले. तोवर ती गाणे म्हणत होती. त्या दिवशी ती स्वतः, मुलगी म्हणून, पावसाला पैसा देऊ करत होती. अशी 'चूक' झाली की मी वहीत तारीख टाकून ठेवते.

आता प्रत्यक्ष कृती. आठवडाभर फक्त दोनच गाणी घ्या. मुलीला मांडीवर तुमच्याकडे तोंड करून बसवा किंवा तुम्ही जमिनीवर तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, कारण ओठांची हालचाल तिला दिसली पाहिजे. मोबाइलवरच्या गतीपेक्षा पुष्कळ सावकाश म्हणा. पहिले दोन-तीन दिवस पूर्ण गाणे म्हणा. मग ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा: 'ये रे ये रे…', तोंडाने 'पा'चा आकार करा, भुवया उंचवा आणि वाट पाहा. मनात दहापर्यंत मोजा. हे सांगायला सोपे आणि करायला फार अवघड आहे. बहुतेक पालक दुसऱ्या-तिसऱ्या आकड्याला धीर सोडून शब्द स्वतःच म्हणून टाकतात, आणि मूल शिकते की आपण काही केले नाही तरी गाणे पुढे जाते. त्या शांततेत तिने काहीही दिले तरी ते घ्या: 'पा', नुसता आवाज, डोळ्यांत बघणे, हाताची हालचाल. तुम्ही शब्द पूर्ण करा आणि गाणे पुढे न्या. काहीच आले नाही तरी तसेच करा. "बोल ना, बोल, काल म्हणालीस की" असे मात्र म्हणू नका. परीक्षेचा वास आला की मुले ओठ मिटतात.

ज्या गाण्यांत शरीर आहे ती आधी घ्यावीत. 'इथे इथे बस रे मोरा' हे माझे पहिले हत्यार आहे. मुलाच्या तळहातावर बोट टेकवत यायचे, चारा, पाणी, आणि 'भुर्र'च्या आधी हात हवेत धरून थांबायचे. बोलत नसलेल्या कितीतरी मुलांचा पहिला शब्द मी या हवेत धरलेल्या हाताखाली ऐकला आहे, आणि तो शब्द 'भुर्र' असतो. त्याला शब्द म्हणायचे का, असे पालक विचारतात. जरूर म्हणायचे. चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा, टपटप, धप्प, हे सगळे मी शब्दांच्या यादीत धरते, कारण ठरावीक आवाज ठरावीक अर्थाने वापरणे म्हणजेच शब्द. नादावरून झालेल्या शब्दांनी मराठी गच्च भरलेली आहे. पाऊस रिमझिम असतो किंवा धो धो असतो, पाने सळसळतात, पैंजण छुमछुम वाजतात. आवाजाकडून अर्थाकडे जाण्याची ही पायवाट भाषेने स्वतःच घालून दिलेली आहे, ती वापरली पाहिजे.

रिकाम्या जागा भरता येऊ लागल्या की गाणे मोडायला सुरुवात करायची. हा टप्पा लोक विसरतात, आणि तुमची मुलगी नेमकी इथेच अडली आहे. पाठ गाण्यातला शब्द दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखा असतो; 'पैसा' म्हणणाऱ्या मुलाला भाजीवालीच्या हातातले नाणे दाखवून "हे काय?" विचारले तर ते गप्प बसते, कारण त्याच्या लेखी 'पैसा' हा 'तुला देतो'च्या पुढे येणारा आवाज आहे. तो मणी सोडवायचा तर एकीकडे नाणे हातात देऊन ती ओळ म्हणायची, आणि दुसरीकडे ओळीतला शब्द बदलायचा. 'ये रे ये रे बाबा, तुला देतो डबा' असे म्हणा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा. ती हसली, रागावली किंवा "ना…" करून मान हलवली, तर ती शब्द ऐकते आहे. काहीच फरक पडला नाही, तर ती अजून चालच ऐकते आहे, आणि तुम्हाला सावकाश मागे यावे लागेल.

घरातल्या बाकीच्या आवाजाबद्दल कठोर बोलावे लागेल. कोणी बघत नसलेला टीव्ही दिवसभर चालू ठेवणे हे मला गाण्याच्या अभावापेक्षा जास्त घातक वाटते. २००९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांच्या अंगावरच्या छोट्या ध्वनिमुद्रकांवरून असे दिसले की, टीव्हीचा आवाज ऐकू येण्याच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने कमी झाले होते. टीव्ही बोलत असतो, म्हणून माणसे बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, तोही जितका कमी तितका बरा. बटण दाबले की गाणाऱ्या बॅटरीच्या खेळण्यांबाबत माझे मत असे आहे की, ती पाहुण्यांनी आणावीत आणि आपण माळ्यावर ठेवावीत. डबा आणि पळी द्या. तुम्ही दोनदा वाजवा, थांबा, तिला वाजवू द्या. बोलण्यातली 'आता तुझी पाळी' ही गोष्ट डब्यावरही शिकता येते.

शास्त्रीय संगीत लावून ठेवल्याने बाळ हुशार होते का, असेही विचारले जाते. या समजाचे मूळ १९९३ सालच्या मोझार्टवरच्या एका प्रयोगात आहे. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता, दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकला, आणि त्यात बाळे नव्हतीच. किशोरीताई किंवा कुमारजी तुम्हाला आवडतात म्हणून अवश्य लावा.

इंग्रजी गाण्यांनी गोंधळ होईल म्हणून ती बंद करू नका, दोन भाषांनी मूल मुके होत नाही. मात्र आज कामाला घ्यायची गाणी तुम्ही ज्या भाषेत रागावता आणि लाड करता त्या भाषेतली घ्या, कारण गाण्यातला शब्द दिवसभरात पुन्हा भेटला तरच तो सुटा होतो. 'मडके', 'चिमणी', 'पाणी' तुमच्या घरात भेटतात. इंग्रजी गाण्यातली मेंढी क्वचितच. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातल्याच वस्तू त्यांनी शिक्षणाचे साहित्य म्हणून वापरल्या. ध्वनीच्या बाबतीतही तो विचार तितकाच लागू आहे. आजी गावाला असेल आणि व्हिडिओ कॉलवर गाणे म्हणत असेल तर सोबत म्हणायला लावू नका, आवाज मागे-पुढे होऊन ताल तुटतो. एक ओळ आजीने, पुढचा शब्द नातीने, असे करा.

थोरले भावंड किंवा चार-पाच वर्षांची मुले घरात असतील तर त्यांच्यासाठी भोंडला सोडू नका. 'अक्कण माती चिक्कण माती'मध्ये 'अस्सा खळगा', 'अस्सं जातं', 'अश्शी पिठी', 'अश्शा करंज्या' अशी साखळी वाढत जाते. क्रम लक्षात ठेवणे आणि प्रत्येक नामाबरोबर विशेषण बदलणे ही दोन्ही कामे एकदम होतात. शब्दाला अक्षरागणिक टाळ्या वाजवणे, 'मो-ठा' दोन, 'पा-व-सा' तीन, हाही याच वयाचा खेळ. १९८९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या वयात बडबडगीते जास्त येणारी मुले पुढे शब्दांतले ध्वनी वेगळे ओळखण्यात आणि वाचनात सरस आढळली. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यंक यांचा हिशेब धरल्यावरही ते नाते टिकले.

तुमच्या मुलीसाठी पुढचे सहा आठवडे असे घालवा. कानाची आणि विकासाची तपासणी पहिल्या पंधरवड्यात करून घ्या. मोबाइलवरची गाणी दिवसाला एकदाच आणि तुम्ही शेजारी बसून, तीही मध्ये थांबवत, लावा. आणि तिच्या आवडत्या चालीवर दोन ओळींचे पाण्याचे गाणे स्वतः रचा. 'पाणी दे, पाणी दे, आई मला पाणी दे' एवढे पुरे, सूर चुकला तरी चालेल. ती बोट धरून माठापाशी घेऊन गेली की खाली बसा, पेला भरून दोघींच्या मध्ये धरा, ओळ म्हणा आणि शेवटच्या 'पाणी'आधी थांबा. तहानलेल्या मुलाला वेठीस धरायचे नाही; दहा मोजून झाले की शब्द तुम्ही म्हणा आणि पेला द्या. दिवसातून सात-आठ वेळा तिला तहान लागेल.